पाणी बदलून पाहा

भार्गवीने फोटो बोटांनी मोठा केला आणि रोपांकडे पाहायचं सोडून ती मागच्या भिंतीकडे पाहू लागली.

ध्रुवच्या घरामागची ती भिंत निळी होती. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, तो निळा जरा जांभळ्याकडे झुकला होता. तिथवर येता येता रंग संपला होता आणि दुकान बंद व्हायच्या आत ध्रुव धावत जाऊन जो डबा घेऊन आला, त्यातली छटा जुळली नव्हती. ब्रश भार्गवीच्याच हातात होता. राहू दे गं, तिथे कोण बघायला बसलंय, असं तो म्हणाला होता. त्याच्या बायकोने, चैत्रालीने, मागच्या पायरीवर पोह्यांच्या ताटल्या मांडल्या होत्या, आणि त्या दिवशी ॲथलोनला चक्क ऊन होतं.

आता तीच भिंत आयर्लंडमधल्या बागकामाच्या एका फोरमवर तिच्यासमोर होती. ड्रोहेड्याच्या फ्लॅटमधल्या खिडकीत तिने मिरच्या लावल्या होत्या. त्यांना मावा लागला होता, म्हणून ती इकडे आली होती. मिरच्या बाजूलाच राहिल्या. फोटो टाकणाऱ्याने स्वतःचं नाव 'मिडलँड्स रूकी' असं ठेवलं होतं. भिंतीपुढे काळ्या कुंड्या ओळीने मांडलेल्या, आणि त्यांत वीतभर उंचीची, मान टाकलेली रोपं. पानं पिवळी पडलेली, टोकं जळाल्यासारखी तपकिरी. पण आकार ओळखू येत होता. बोटं फाकवलेल्या तळव्यासारखी ती कातरलेली पानं कुणालाही ओळखू आली असती. गांजा उघड्यावर लावायची ही पहिलीच वेळ आहे, असं रूकीने लिहिलं होतं. काय चुकतंय ते कुणीतरी सांगा, डोळ्यांदेखत मरताहेत बिचारी.

भार्गवीने फोन पालथा ठेवला. गॅसवरच्या भाताला कढ येऊन फेस खाली ओघळला, तो तिने पुसून काढला. मग तिने फोन पुन्हा उचलला.

ध्रुवला ती भाऊ मानत होती. दोघं पुण्याला एकाच कॉलेजात होते. ॲथलोनच्या बाहेर एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत ती टेस्टर होती. तिथे जागा निघाली तेव्हा तिनेच त्याचं नाव सुचवलं. दोन वर्षांत तो तिच्या वरच्या पदावर गेला, त्याचंही तिला वाईट वाटलं नाही. मग एका मोठ्या रिलीजच्या आधी तिला एक दोष सापडला. कँटीनमध्ये तिने तो ध्रुवला सांगितला. आत्ता सिस्टिममध्ये नोंदवू नकोस, सगळं अडकून पडेल, मी बघतो, असं तो म्हणाला. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला. रिलीज कोसळलं आणि सगळ्यांच्या कॉलवर, सगळ्यांदेखत, ध्रुव शांतपणे म्हणाला की टेस्टिंगच्या हे लक्षातच आलं नाही, किंवा आलं असेल तर त्यांनी ते सांगितलं नाही. तिने तोंड उघडलं, पण दाखवायला हातात काही नव्हतं.

नोकरी गेली. दुसरी मिळेपर्यंत परमिट लटकलेलं, राहण्याच्या कार्डाची मुदत संपलेली, नवं कार्ड यायचं बाकी. या काळात देश सोडलात तर परत यायची खात्री नाही, असं वकिलाने बजावलं होतं. आणि नेमके त्याच दिवसांत सांगलीला आप्पा, तिचे वडील, गेले. चितेला अग्नी दिला तो चुलतभावाने. त्याच्या मित्राने फोन उंच धरला होता आणि उन्हामुळे पडद्यावर बराच वेळ फक्त पांढरं दिसत होतं. ध्रुवचा मेसेज आला होता. हात जोडलेले, एवढाच.

याला आता दोन वर्षं होत आली होती. भार्गवी डब्लिनला बॉल्सब्रिजमधल्या एका ऑफिसात रुळली होती, ड्रोहेड्याहून जा-ये करत होती, आणि हे सगळं मागे पडलं असं लोकांना सांगत होती.

ध्रुव आणि चैत्रालीचे नागरिकत्वाचे अर्ज गेलेत, हे तिला जुन्या ग्रुपवरून कळलं होतं. त्या अर्जात चारित्र्य तपासतात. गांजाचं एक रोप लावणं हासुद्धा इथे गुन्हा. गार्डांनी, म्हणजे इथल्या पोलिसांनी, ती निळी भिंत आणि पुढच्या कुंड्या पाहिल्या, तर ध्रुवच्या हातून नेमकं तेच जाईल जे तिच्या हातून गेलं होतं: इथे ताठ मानेने राहायचा कागद.

तिने नाव न सांगता तक्रार करायचा नंबर शोधून फोनमध्ये घालून ठेवला. पण लावला नाही. वीतभर मरतुकड्या रोपांसाठी कोण येणार होतं? आलेच तर हसून, दम देऊन जातील. रोपं वाढायला हवी होती. भिंतीच्या वर डोकं काढतील, वास शेजारपाजारी जाईल, एवढी. त्यासाठी आधी ती जगायला हवी होती.

तिने 'रस्टी स्पेड' हे नाव घेतलं आणि लिहिलं: घाबरू नकोस. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी मला सांग, पाणी किती घालतोस?

*

गांजाबद्दल तिला काहीही माहीत नव्हतं. पण काहीतरी बिघडलंय आणि का ते कळत नाही, अशा गोष्टीशी कसं बोलायचं हे तिला माहीत होतं. ती वाचत गेली, विचारत गेली. उत्तरं तत्परतेने येत. ध्रुव तसाच होता. गरज असली की फार गोड वागायचा. त्याने या गंजक्या फावड्याला कुणीतरी निवृत्त आयरिश बागवान समजून टाकलं आणि तिनेही समजू दिलं.

रोज पाऊस पडत असताना तो वर रोज पाणीही घालत होता. तिने ते बंद करायला लावलं, कुंड्या विटांवर ठेवायला सांगितल्या. रोपांनी थोडी मान उचलली आणि आठवड्याभरात पुन्हा टाकली. मग कुंड्यांच्या बुडाची भोकं पाहिली. मग वारा. मग गोगलगायी. मग माती बदलली. दर वेळी तेच: नवी माती, नवी जागा, दोन कोवळी पानं फुटायची, तिच्या मनात आशा यायची, आणि मग टोकं तपकिरी व्हायला लागायची.

ट्रेनमध्ये, जेवताना, मीटिंगमध्ये तिच्या डोक्यात ती पानं असत. आपण त्यांची काळजी करतो आहोत हे लक्षात आलं की तिला स्वतःचाच संताप येई. मग ती स्वतःला आठवण करून देई, हे कशासाठी चाललंय त्याची. बकऱ्याला आपणही हिरवा पाला घालतोच की.

एकदा ध्रुवने विचारलं, कुंड्या शेडमध्ये हलवू का? बायको मागे लागली आहे. तिचं म्हणणं, आपले अर्ज आत आहेत, कुणी पाहिलं तर काय. तिला स्वतःच्या सावलीचीही भीती वाटते, त्याने लिहिलं होतं आणि पुढे हसरा चेहरा टाकला होता. तिला म्हटलं, ग्रँड आहे सगळं, तू तुझा स्वयंपाक बघ.

भार्गवीने उत्तर दिलं, ऊन हवं. बाहेरच राहू देत.

त्यानंतर चैत्रालीचा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला, आणि तिने तो बाजूला सारला. चैत्राली अमरावतीची. हळू बोलणारी, वाद न घालणारी. रागावली की ती स्वयंपाकघरातलं एखादं कपाट, त्याला तीही आता इथल्यासारखं 'प्रेस' म्हणायची, रिकामं करायची, पुसायची, आणि एकेक डबा पुन्हा जागेवर लावायची. ध्रुवला वाटायचं, बायको टापटिपीची आहे.

जूनच्या मध्यात रूकीने आनंदाने कळवलं की रोपं अचानक टवटवीत झालीत. काय केलंस, तिने विचारलं. काही नाही, तो म्हणाला. बायको चार दिवस कॉर्कला मैत्रिणीकडे गेलीय. घरात मी एकटा. संध्याकाळी बिअर घेऊन त्यांच्यापाशी बसतो, गप्पा मारतो. कदाचित तेच मानवलं असेल.

पुढच्या आठवड्यात रोपं पुन्हा पडली.

भार्गवीने रूकीचे जुने निरोप तारखांसकट पुन्हा वाचून काढले. मग तिने सांगितलं की एक कुंडी तिथून पूर्णपणे हलव. दुसऱ्या कुणाच्या घरी ठेव. माती तीच, रोप तेच, फक्त जागा वेगळी. ध्रुवने एक कुंडी जवळच्या मोट नावाच्या गावात राहणाऱ्या ऑफिसातल्या मित्राकडे नेली. थोड्याच दिवसांत त्या रोपाचा फोटो आला. हिरवंगार, दुप्पट झालेलं.

मग तिने घरच्या कुंडीतल्या मातीचा जवळून फोटो मागवला.

मातीवर पांढरी साय धरली होती. कुंडीच्या काठाला बारीक खडे चिकटले होते. भार्गवी लहान असताना सांगलीला नदीकाठच्या शेतांत असं पांढरं वर आलेलं तिने पाहिलं होतं. आप्पा गाडी थांबवून दाखवायचे, ही जमीन मिठाने गेली म्हणायचे. कुंड्यांत मीठ आपोआप येत नाही. कुणीतरी ते घालत होतं. विरघळवून, थोडं थोडं, पाणी घालतोय असं वाटावं अशा बेताने.

त्या घरात दोनच माणसं राहत होती.

तिने खुर्ची मागे सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. खाली रस्त्यावर हॉस्पिटलच्या ड्युटीवर निघालेल्या नर्सेस हसत चालल्या होत्या. ध्रुव गाडी घेऊन ऑफिसला जातो. मागचं दार उघडतं. चैत्राली भांडं घेऊन पायरी उतरते, ओळीने सगळ्या कुंड्यांना पाणी देते, भांडं विसळून पालथं घालते. संध्याकाळी तो येऊन रोपांवर वाकतो, हळहळतो. ती त्याला चहा देते.

नंबर फोनमध्ये होता. गार्डा आले तर दार चैत्राली उघडणार. दिवसा तीच घरी असते. अर्ज तिचाही होता.

भार्गवीने नंबर खोडला नाही. पण तो ती लावणार नाही हे तिला कळून चुकलं होतं. तिला ध्रुवची दया आली असं मुळीच नव्हतं. इतके दिवस हा राग ती एकटी वाहते आहे असं तिला वाटत होतं, आणि त्या घराच्या आतच तिच्या आधीपासून कुणीतरी कामाला लागलेलं होतं.

*

ध्रुव मात्र आता अस्वस्थ झाला होता. मोटचं रोप जगलं म्हणजे दोष आपल्याच बागेत आहे, एवढं त्याला कळलं होतं. त्याने सगळ्या शक्यता लिहून पाठवल्या: मांजरं, धुकं, गॅरेजचा धूर, शेजारचा माणूस. त्यात चैत्रालीचं नाव नव्हतं. ते त्याला सुचलंच नव्हतं.

दोन दिवसांनी शेजारचा माणूस सोडून बाकी सगळं त्याने बाद केलं. ते मिस्टर नूनन, पोस्टातून निवृत्त झालेले. कुंपणालगत त्यांचे गुलाब होते. त्यांच्या हातात नेहमी फवारणीचा पंप असतो, ध्रुवने लिहिलं. हा म्हातारा मुद्दाम करतोय. तणनाशकाचा कॅन आणलाय मी. शनिवारी तो नातवंडांकडे जातो. त्याचे गुलाब मुळापासून जाळतो, म्हणजे कळेल.

भार्गवीला नूनन आठवत होते. भिंत रंगवली त्या दिवशी कुंपणावरून त्यांनी ऱ्हुबार्बच्या आंबट देठांची जुडी दिली होती आणि याचं काय करायचं ते चैत्रालीला दोनदा समजावून सांगितलं होतं.

तिने ताबडतोब लिहिलं की तो माणूस नव्हे. तणनाशकाने पानं अशी जळत नाहीत. थांब, मी शोधते आहे. पाठवल्यावर तिने पुन्हा वाचून पाहिलं. इंग्रजीत स्त्री-पुरुष कळत नाही, हे बरं.

त्याच दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये चहासाठी किटली लावून ती उभी असताना त्याचं उत्तर आलं. ठीक आहे, थांबतो, ध्रुवने लिहिलं होतं. तुझे उपकार आहेत. एवढ्या चिकाटीने कुणी कुणासाठी काही करत नाही. आमच्या ऑफिसात एक मुलगी होती, टेस्टर. अशीच एकेक धागा सोडवत जायची. ती असती तर तुमची जोडी जमली असती.

किटलीचं पाणी उकळून खटका पडला. भार्गवीने एका अंगठ्याने लिहिलं, मग कुठे गेली ती?

सोडून गेली, ध्रुवने लिहिलं. काहीतरी झालं होतं तेव्हा, रिलीजचं. आता नीटसं आठवतही नाही. ते वर्षच वाईट होतं सगळ्यांना.

तिने कपात पाणी ओतलं. चहाची पिशवी टाकायला ती विसरली आणि तसाच वाफाळता कप घेऊन जागेवर येऊन बसली. शेजारच्या मुलाने काहीतरी विचारलं, त्याला तिने बरोबर उत्तर दिलं.

संध्याकाळी तिने रूकीला लांबलचक उत्तर लिहिलं. आजवर लिहिलेल्यांतलं ते सगळ्यांत काळजीपूर्वक लिहिलेलं होतं. मिडलँड्समध्ये, देशाच्या या मधल्या भागात, पाणी जड, क्षारांचं असतं, म्हणून घरोघरी पाणी मऊ करायचं यंत्र बसवलेलं असतं. त्या यंत्रात मीठ घालतात. तुझ्या घरी आहे ना? (होतं. जिन्याखाली. आत मिठाची गोणी रिकामी करताना भार्गवीने एकदा हात दिला होता.) नळाला येणारं पाणी त्यातूनच येतं. मातीवरची पांढरी साय म्हणजे तेच मीठ. शेजाऱ्याचा काही संबंध नाही. नळाचं पाणी अजिबात घालायचं नाही. पावसाच्या पाण्यावर विसंबू नकोस, पिंपात शेवाळ होतं. तळ्याचं पाणी आण. वाहतं, ताजं, दर दोन दिवसांनी. माती धुऊन निघेल एवढं, भरपूर. वेळ लागेल. सगळा उन्हाळाही लागेल. पण सोडू नकोस.

दोष कुठे आहे हे नक्की ठाऊक असताना तिने तो आयुष्यात पहिल्यांदाच दडवला. पाठवायचं बटण दाबताना तिचा हात थांबला नाही.

*

रूकीचे निरोप येत राहिले. लॉक री या तळ्याच्या काठावर, कूसन पॉइंटला तो जातो. मोठे कॅन घेतलेत. पाठ धरली आहे, पण हरकत नाही. रोपांत अजून फरक नाही. लागेल वेळ, रस्टी स्पेड लिहायचं. पाणी वाढव.

जुलैतल्या एका शनिवारी भार्गवी गाडी काढून ॲथलोनला गेली. का जायचं ते तिने स्वतःला विचारलं नाही. कूसन पॉइंटला आकाश उतरलेलं होतं, तळं शिशाच्या रंगाचं, आणि धक्क्यावर दोन कुटुंबं बदकांना पाव घालत होती. ती एका बाकावर बसली, तिथून तिला ध्रुव लांबूनच दिसला. उतारावरून दोन्ही हातांत कॅन घेऊन तो वर येत होता. मध्ये थांबला, कॅन खाली ठेवले, कमरेवर हात ठेवून वाकला. केस विरळ झाले होते. ते दृश्य ती डोळे भरून पाहणार होती. पाहिलंही. पण वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. एक माणूस पाणी वाहत होता, एवढंच.

"भार्गवी?"

चैत्राली बाकाच्या मागे उभी होती. खांद्यावर शाल, हातात थर्मास. ती वाळली होती. भार्गवीने बाकावरची पर्स उचलून जागा केली, आणि ती बसली.

चैत्राली तळ्याकडे पाहत होती. आप्पांचं कळलं होतं, चैत्राली म्हणाली. तुला करायला म्हणून मी फोन हातात घेऊन पुष्कळदा बसले होते.

ध्रुव पुन्हा चालू लागला होता.

"हे कशाला?" भार्गवीने विचारलं.

"टोमॅटो लावलेत त्याने." चैत्रालीने शाल सारखी केली. "नळाच्या पाण्यात मीठ आहे म्हणतात. नेटवर कुणी तरी शोधून काढलं."

"खरं आहे का?"

"मीठ आहे हे त्या माणसाने बरोबर ओळखलं." ती अजून तळ्याकडेच पाहत होती. "फक्त ते नळाचं आहे म्हणाला."

एका मुलाने पावाचा तुकडा लांब फेकला. बदकांची रांग मोडली आणि पुन्हा लागली.

"त्याला तेवढंच दिसलं असेल," भार्गवी म्हणाली.

आता चैत्राली वळली. ती भार्गवीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली; कपाट पुसून झाल्यावर एकेक डबा जागेवर ठेवताना पाहायची तशी, अजिबात घाई नसल्यासारखी. मग तिने मान किंचित हलवली.

ध्रुव जवळ आला तेव्हा धापा टाकत होता. भार्गवीला पाहून तो आधी गोंधळला, आणि मग त्याचा चेहरा खरोखरच उजळला. किती वर्षांनी, म्हणाला. इकडे कुठे? बरी आहेस ना? पूर्वी कितीदा यायचीस, आता घरी चल, चहा घेऊ, निवांत बोलू. त्याच्या बोलण्यात कुठेही अडखळ नव्हती. दोघांमध्ये काही घडलं होतं याची खूण त्याच्या चेहऱ्यावर शोधूनही सापडली नसती. पुन्हा कधीतरी, भार्गवी म्हणाली.

त्याने कॅन गाडीच्या डिकीत ठेवले आणि पाठ चोळली. तळवे लाल झाले होते.

"आज एवढं बास ना?" त्याने बायकोला विचारलं.

चैत्रालीने आकाशाकडे पाहिलं.

"ऊन वाढणार आहे म्हणताहेत पुढच्या आठवड्यात," ती म्हणाली. "आणखी चार भरून घे."

ध्रुवने क्षणभर विचार केला. मग त्याने मान डोलावली, डिकीतून रिकामे कॅन काढले, आणि ते एकमेकांवर आपटत तो पुन्हा उताराला लागला.

भार्गवी उठली. चैत्रालीने थर्मासचं झाकण फिरवून चहा ओतला आणि तिच्यापुढे धरला.

"बस," ती म्हणाली. "त्याला वेळ लागेल."